सोयीचें माप

नाटक पाहून आलेला प्रत्येक प्रेक्षक टीकाकार होतोच असें नाहीं; परंतु मोटारींतून उतरलेला, दूरदर्शनसमोरून उठलेला किंवा सरकारी खिडकीवरून परतलेला प्रत्येक मनुष्य मात्र तत्काळ टीकाकार होतो. यंत्रांविषयीं कांहींच मत नाहीं असा गृहस्थ आज दिवा घेऊन शोधला तरी सांपडावयाचा नाहीं. हीं मतें छापलीं जात नाहींत, त्यांच्याखालीं कोणी स्वाक्षरी करीत नाहीं, आणि त्यांचा परामर्श घेण्याचे कष्टहि कोणी साहित्यशास्त्री घेत नाहीं. तरीपण आमच्या भाषेंत रोज सर्वांत अधिक निर्माण होणारें टीकावाङ्मय कोणतें, असें कोणीं विचारलें, तर हेंच, असें उत्तर द्यावें लागेल. आगगाडीच्या डब्यांत, लग्नाच्या पंगतींत, रेशनच्या दुकानापुढील रांगेंत तें अखंड चालू असतें. ह्या बोलक्या टीकेचीच थोडी टीका करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या टीकेचे मुख्य विषय तीन: घरांतील करमणूक, रस्त्यावरील वाहन आणि सरकारदरबारचें काम. बोलणारांचे पक्ष दोन. एका पक्षाचें वाक्य ‘पूर्वीं’ ह्या शब्दानें सुरू होतें. पूर्वीं सारें घर एकत्र बसून रेडिओ ऐकत असे, पूर्वींचा चालक इंजिनाच्या आवाजावरून घाट ओळखीत असे, पूर्वीं कचेरींत निदान माणूस तरी भेटत असे. दुसऱ्या पक्षाचें वाक्य ‘आतां’ ह्या शब्दानें सुरू होतें. आतां हवें तें हवें तेव्हां पाहतां येतें, आतां रस्ता कोणाला विचारावा लागत नाहीं, आतां सातबाऱ्यासाठीं खेपा घालाव्या लागत नाहींत. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी समजले जातात. आम्हांस मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. कारण दोघांच्याहि हातांत माप एकच आहे, आणि तें म्हणजे बोलणाराची स्वतःची सोय. एकाला नवी सोय रुचते, दुसऱ्याला जुनी सोय आठवते, एवढाच काय तो भेद.

लोकमत अडाणी म्हणून बाजूस सारणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली आगगाडी गेली. तेव्हांपासून प्रत्येक नव्या यंत्राविषयीं आमचे लोक कांहीं ना कांहीं बोलत आले आहेत, आणि त्यांत सोयीपलीकडचें बोलणेंहि पुष्कळ आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकूं लागले, तेव्हां लोखंडानें जमिनीला विष चढतें ही शेतकऱ्यांची समजूत त्यांना आडवी आली. ही गोष्ट आपण आजवर हंसण्यासाठीं सांगत आलों. समजूत खोटी होती, ह्यांत वाद नाहीं. परंतु त्या शेतकऱ्यानें विचारलें काय, तें पाहावें. नांगर ओढावयास हलका आहे काय, किंवा माझी दुपार वांचेल काय, असें त्यानें विचारलें नाहीं. माझ्या मागें राहणाऱ्या जमिनीचें काय होईल, असें त्यानें विचारलें. गांधीजींनीं १९०९ सालीं ‘हिंद स्वराज्य’ लिहिलें, त्यांत आगगाडीवर घेतलेले आक्षेपहि प्रवासाच्या सुखदुःखाचे नव्हते. रोगराई आणि दुष्काळ ह्यांना ती हातभार लावते, असा त्यांचा आरोप होता. हीं उत्तरें कोणास पटोत वा न पटोत, प्रश्न मोठे होते. आजच्या लोकमताची गोष्ट नेमकी उलटी झाली आहे. त्याचीं उत्तरें बहुधा बरोबर असतात. प्रश्न मात्र तोकडा असतो.

प्रथम घरांतील करमणूक घेऊं. येथील सर्वांत लोकप्रिय मत असें कीं, पूर्वीं करमणूक घराला जोडीत असे, आतां ती घराला फोडते. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें आणि दूरदर्शनचें मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्यानंतर कित्येक वर्षें चाळींत एखाद्याच बिऱ्हाडीं संच असे, आणि शेजारचीं मुलें त्याच्यापुढें सतरंजीवर दाटीनें बसत. १९८७ व १९८८ सालीं रविवारच्या सकाळीं ‘रामायण’ मालिका लागली कीं रस्ते ओस पडत. आज त्याच घरांत चार माणसें चार कोपऱ्यांत चार पडदे धरून बसतात. वर्णन अगदीं खरें आहे. त्यावरून दिलेला निकाल मात्र घाईचा आहे. एकच संच होता म्हणून सारे एकत्र बसत. तो गुण प्रेमाचा जितका, तितकाच टंचाईचा होता. रेडिओची खुंटी घरांतील कर्त्या पुरुषाच्या हातीं असे. बातम्यांच्या वेळीं मुलांनीं गप्प बसावें आणि सुनेनें पोळ्या लाटतां लाटतां कानीं पडेल तेवढें नाट्यगीत ऐकावें, असें त्या एकीचें रूप होतें. त्या सुनेला आज कोणीं विचारलें, तर तिचें वाक्य ‘पूर्वीं’ ह्या शब्दानें सुरू होईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

यंत्रांतलें गाणें तें गाणेंच नव्हे, असेंहि एक मत एके काळीं प्रतिष्ठित होतें. जुन्या तबकडीची एक बाजू तीन साडेतीन मिनिटांत संपे, आणि तास तास चालणारा ख्याल तेवढ्यांत कोंबावा लागे. तेव्हां त्या मतांत तथ्य होतें. पण अब्दुल करीमखां किंवा हिराबाई बडोदेकर ह्यांच्या बैठकीला जाण्याची ज्यांना कधींच मुभा नव्हती, अशा कितीतरी घरांत तें तीन मिनिटांचें गाणें पोंचलें. रसिकाची हानि आणि नव्या श्रोत्याचा लाभ हीं दोन्हीं एकाच तबकडीवर होतीं. लोकमत त्यांतील एकच बाजू वाजवीत राहिलें.

‘आतां’ म्हणणाऱ्या पक्षाचेंहि तसेंच. निवडीचें स्वातंत्र्य आलें, असें तो अभिमानानें सांगतो. परंतु आज एक कार्यक्रम संपतांच दुसरा आपोआप सुरू होतो, आणि तो कोणता असावा हें आपण काल काय पाहिलें त्यावरून यंत्रच ठरवितें. चित्रपटगीताची वाट पाहणाऱ्या मुलाला जुन्या नभोवाणीनें मधल्या वेळांत कीर्तन ऐकविलें, शेतीची माहिती ऐकविली, आणि न कळणारा ख्यालहि ऐकविला. त्यानें तें निवडलें नव्हतें. पण कांहीं मुलांना त्यांतूनच गाण्याचा कान आला. आवड ही अर्धी आपल्या इच्छेनें आणि अर्धी योगायोगानें वाढते. त्यांतील योगायोगाचा वांटा आतां फार कमी झाला आहे. ही हानि आम्हीं लहान मानीत नाहीं. तरीपण ती भरून काढण्याचें साधन घरांतच आहे. नको तो पडदा बंद करण्याची कळ आपल्याच बोटाखालीं असते, आणि मुलांना संध्याकाळीं जवळ घेऊन बसण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. म्हणून करमणुकीपुरतें सोयीचें आणि आवडीचें माप चालूं द्यावें. तेथें चुकलेलें मत बहुतांशीं मत बाळगणारालाच भोंवतें.

रस्त्यावर आलें कीं हें चालत नाहीं. मोटारींतील गप्पा ऐकाव्या. मुंबई-पुणें द्रुतगती मार्ग २००२ सालीं पुरा झाला; त्यानें किती वेळ वांचला, ह्याचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हांपासून सुट्या पैशांची हुज्जत कशी संपली, हेंहि सांगितलें जातें. मोबाईलमधील नकाशा मंजुळ आवाजानें वळणें सांगतो, गाडी आंतून थंड असते, बाहेरचा गोंगाट आंत येत नाहीं. ह्यावर जुना चालक म्हणतो कीं, खरा हात खंडाळ्याच्या जुन्या घाटांत कळे. आतां गाडी कोणीहि हांकतो. दोघांचेंहि म्हणणें बरोबर आहे. पण दोघेहि गाडीच्या आंत बसून बोलत आहेत, इकडे वाचकांचें लक्ष जावें. ह्या संवादांत तिसऱ्या माणसाला जागाच नाहीं, आणि तो तिसरा माणूस रस्ता ओलांडीत असतो.

केंद्र सरकारच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ ह्या एका वर्षांत देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत दुचाकीवरचे आणि पायीं चालणारे मिळून निम्म्याहून अधिक होते, आणि सर्वांत मोठें कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. आतां ह्या आंकड्यांशेजारीं सोयीचें माप ठेवून पाहावें. गाडी जितकी सुखाची, तितका वेग कमी जाणवतो. जुन्या घाटांत गाडी कण्हत असे, तापत असे, चालकाच्या हाताला आणि कानाला धोका कळवीत असे. नव्या गाडींत हा निरोप चालकापर्यंत पोंचतच नाहीं. तो थेट समोरच्या पादचाऱ्यास पोंचतो. म्हणजे येथें सोय हें माप नुसतें अपुरें नाहीं. धोका वाढतो त्याच वेळीं तें समाधान वाढलेलें दाखवितें. म्हणून वाहनाविषयींच्या मताला पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे कीं, बाहेरच्या माणसाला ह्यानें काय झालें? वेगानें धांवणाऱ्या गाडीचा छायाचित्रक फोटो घेतो आणि दंडाचा निरोप घरीं येतो, ह्याबद्दल अनेकांची कुरकुर असते. ‘त्याला विनवणी करतां येत नाहीं,’ असें एक गृहस्थ आमच्यासमोर मोठ्या खेदानें म्हणाले. विनवणी म्हणजे काय, हें रस्त्यावरील जुन्या व्यवहाराची माहिती असणारास सांगावयास नको. बाहेरच्या माणसाच्या बाजूनें पाहिलें, तर यंत्राला विनवणी कळत नाहीं हा येथें त्याचा गुणच ठरतो.

हाच गुण कचेरींत गेल्यावर मात्र दुसरें रूप धारण करतो, आणि ह्या लेखाचें खरें दुखणें तेथेंच आहे.

सरकारी कामाविषयींचें ‘आतां’ पक्षाचें म्हणणें आम्ही प्रथम मोकळेपणानें मान्य करतों. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं तलाठ्याच्या दारीं दिवस मोडणारा शेतकरी, दाखल्यासाठीं कारकुनापुढें ताटकळणारा विद्यार्थी, रेल्वेच्या आरक्षणासाठीं पहांटेपासून रांग धरणारा उतारू, हीं चित्रें कल्पनेंतलीं नव्हेत. पूर्वीं खिडकींत माणूस होता, असें जे हळहळून सांगतात, ते एक गोष्ट विसरतात. तो माणूस माणुसकीनें वागे. पण सर्वांशीं नव्हे. ओळखीच्याशीं वागे, चिठ्ठी आणणाऱ्याशीं वागे, आपल्या जातगोतांतल्याशीं वागे. ज्याला ओळख नव्हती, चिठ्ठी नव्हती आणि देण्यास पैसे नव्हते, त्याच्यापुढें ती खिडकी यंत्राहून थंड असे. अशा माणसाला, तोंड न पाहतां उतारा देणारें यंत्र हा उपकारच वाटला, तर त्यांत नवल नाहीं. महाराष्ट्रानें २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम केला, ठराविक मुदतींत सेवा मिळणें हा हक्क ठरविला, आणि ती न मिळाल्यास अपिलाची वाट ठेवली. ही मोठी पायरी होती.

परंतु हक्क हा शब्द आला कीं सोयीचें माप खालीं ठेवावें लागतें. कागदोपत्रीं हक्क असणें आणि तो हातीं पडणें ह्यांमध्यें काय घडतें, हें एका गांवच्या रेशनच्या दुकानांत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, तें सांगतों. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबाला माणशीं दरमहा पांच किलो धान्याचा हक्क आहे. तें घेतांना यंत्रावर अंगठा ठेवून आधारच्या नोंदीशीं तो जुळवावा लागतो. रांगेंत एक वृद्ध शेतमजूर बाई होती. तिनें अंगठा ठेवला, यंत्रानें नाकारला. पुन्हां ठेवला, पुन्हां नाकारला. जन्मभर खुरपें धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या होत्या, यंत्रानें त्या वाचाव्या कशा? रांगेंतून लगेच मतें येऊं लागलीं. कोणी म्हणाला, ‘आजी, हात धुऊन या.’ कोणी म्हणाला, ‘जरा तेल लावा.’ कोणीं रेंज नसल्याचें निदान केलें. मागें उभ्या असलेल्या एका शिकलेल्या तरुणानें आम्हांस हळूच सांगितलें कीं, यंत्र आल्यापासून खोट्या कार्डांवरची उचल बंद झाली. ह्यांतील एकहि मत खोटें नव्हतें. दुकानदार म्हणाला, ‘आजी, मशीनच घेत नाहीं, मी तरी काय करणार?’ त्यावर ती बाई यंत्राविषयीं चांगलें वाईट कांहींच बोलली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, ‘मंग म्या सांगू कुनाला?’

कोणी उत्तर दिलें नाहीं. चौथ्या खेपेस अनामिका लावली, ती यंत्रानें घेतली, धान्य पिशवींत पडलें, आणि सारी रांग हंसून म्हणाली, ‘बघा, झालं ना!’ गोष्ट तेथेंच मिटली. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालें नव्हतें, तो प्रश्न उत्तर मिळाल्यासारखा विरून गेला.

दुकानदाराच्या वाक्याचा टीकाकारानें थोडा विचार करावा. ‘मशीन घेत नाहीं’, ‘सिस्टीम बंद आहे’, ‘वरून येत नाहीं’: ह्या वाक्यांचें व्याकरण पाहावें. कर्ता कोण? यंत्र. पूर्वींचा कारकून ‘देत नाहीं, जा’ असें म्हणे. तें वाक्य उर्मट होतें, पण त्यांत न देणारा मनुष्य उघड होता. त्याच्यावर रागावतां येत असे, त्याच्या वरिष्ठाकडे जातां येत असे, त्याचें नांव अर्जांत लिहितां येत असे. नव्या वाक्यांत नम्रता आहे, सहानुभूतीहि आहे, परंतु जबाबदार कोणीच नाहीं. अंगठा जुळला नाहीं एवढ्यावरून कोणास धान्य नाकारूं नये, दुसऱ्या पुराव्यानें ओळख पटवावी, असा आदेश केंद्राच्या अन्न खात्यानें २०१७ सालींच दिलेला आहे. म्हणजे तिच्या प्रश्नाचें उत्तर सरकारदफ्तरीं होतें. दुकानदाराच्या वाक्यांत मात्र त्याला जागा नव्हती. यंत्र नाकारील तेव्हां माणसानें काय करावें, हें ज्या क्षणीं सांगावयाचें, त्याच क्षणीं माणूस वाक्यांतून निघून गेला होता.

म्हणून आमचें म्हणणें असें. काव्याला काव्याचे आणि इतिहासाला इतिहासाचे नियम लावावे, कीर्तन आणि लावणी एका तराजूंत घालूं नये, हें टीकेचें पहिलें सूत्र आपण मानतों. यंत्रांविषयींच्या मतालाहि तेंच सूत्र लावलें पाहिजे. घरांतील यंत्राविषयीं ‘मला आवडतें काय?’ हा प्रश्न पुरतो. रस्त्यावरील यंत्राविषयीं ‘दुसऱ्याला इजा होते काय?’ हा प्रश्न त्याच्या आधीं आला पाहिजे. आणि ज्याच्या हातीं कोणाचें धान्य, निवृत्तिवेतन वा जमिनीचा उतारा आहे, त्या यंत्राविषयीं ‘तें चुकलें तर दाद कोणाकडे मागावी?’ हा प्रश्न सर्वांच्या आधीं आला पाहिजे. लोकमत हे तिन्हीं ठिकाणीं पहिलाच प्रश्न घेऊन जातें, आणि शंभरांतील नव्वदांना सोय झाली कीं समाधानानें घरीं येतें. उरलेल्या दहांना मत नसतें असें नाहीं; बोलण्याची खिडकी नसते.

ह्यांत आम्हां लिहिणारांचाहि दोष आहे. फडके-खांडेकरांच्या काळापासून मराठी लघुनिबंधानें दैनंदिन वस्तूंवर प्रेमानें लिहिलें. पण नवें यंत्र दिसलें कीं त्यापुढील आपली फजिती खुलवून सांगण्याची एक गोड संवयहि त्यानें लावली. वाचक हंसला, आणि फजितीपलीकडचें दुःख हंसण्यांत झांकलें गेलें. मर्ढेकरांनीं नभोवाणीच्या खात्यांतच नोकरी करून यंत्रयुगांतील माणसाचें एकाकीपण कवितेंत आणलें; तो मार्ग निबंधानें फारसा चोखाळला नाहीं. यंत्राची आरती करणारे आणि त्याच्या नांवानें बोटें मोडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. यंत्र नाकारतें तेव्हां समोर उभें राहणाऱ्या माणसाचें वाक्य जसेंच्या तसें टिपून घेणारे मात्र थोडे आहेत.

आम्ही यंत्राचे शत्रु नाहीं. हा लेखहि यंत्रावरच जुळविला जाऊन वाचकांच्या हातीं पडत आहे. यंत्र नको, असें त्या बाईनेंहि म्हटलें नव्हतें. लोखंडी नांगराला भिणारा शेतकरी चुकला, कारण जमिनीला विष चढलें नाहीं. पण पुढच्याचें काय होईल, हें विचारणें त्याला सुचलें. रेशनच्या रांगेंतील बाईनेंहि तसाच प्रश्न विचारला, आणि तिचा तर चुकलाहि नव्हता. पुढच्या महिन्यांत ती पुन्हां त्याच रांगेंत उभी राहील, आणि अनामिकेच्या रेषाहि कांहीं कायमच्या नाहींत. तेव्हां तिला कोणाकडे जावें हें सांगणारा एक मनुष्य, एक नांव आणि एक नोंदवही त्या यंत्राशेजारीं असावी, एवढें मागण्यापुरतें तरी लोकमत आपल्या सोयीच्या पलीकडे जावें.